तेरा अल्बम आणि दोनशे पानी वही

11 ऑगस्ट 2023, शुक्रवार. भाचा राहायला आला होता. जेवताना म्हणाला, "मावशी, आज हिप-हॉप पन्नास वर्षांचं झालं." 1973 च्या याच तारखेला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली होती. गाणी वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यातल्या ज्या तुकड्यात फक्त ढोल-ताशे उरतात आणि लोक नाचायला धावतात, तेवढाच तुकडा तो दोन रेकॉर्ड प्लेअरवर लांबवत न्यायचा. भाचा हे सांगत होता आणि ताटातली आमटी गार होत होती.

रॅप मी पूर्वीही ऐकायचे, पण एकेक गाणं, तेही कुठे कानावर पडलं तर. पूर्ण अल्बम असा एकही ऐकला नव्हता. त्या रात्री ठरवलं की जुने गाजलेले बारा अल्बम क्रमाने ऐकायचे आणि प्रत्येकावर मराठीत परीक्षण लिहायचं. मला वाटलं होतं वर्षभरात होईल. पंधरा महिने लागले आणि अल्बम तेरा झाले. ज्यांना असं काही करायचंय पण कुठून शिरावं कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं तारीखवार लिहिते आहे.

पहिला आठवडा याद्या बघण्यात गेला. प्रत्येक यादी वेगळी, त्यामुळे ऐकणं सुरूच होईना. शेवटी भाच्याने आणि मी मिळून कागदावर बारा नावं लिहिली आणि प्रसिद्धीच्या वर्षाप्रमाणे लावली: 1986 च्या रन-डीएमसीच्या 'रेझिंग हेल'पासून 2006 च्या जे डिलाच्या 'डोनट्स'पर्यंत. कालक्रमाने ऐकण्याचा मोठा फायदा असा की पुढच्या माणसाने मागच्याकडून काय उचललं, ते आपोआप ऐकू येतं. कुणी विचारलं तर मी हेच सांगते, सर्वोत्कृष्ट कोण हे आधी ठरवू नका, जुन्यापासून सुरुवात करा.

साधनं साधी होती. वायरचा हेडफोन घेतला, 3,450 रुपये. गाण्यांच्या ॲपचं सभासदत्व महिना 119. आणि साठ रुपयांची दोनशे पानी वही. नियम असा केला की पहिल्यांदा शब्द न वाचता ऐकायचं, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, आणि तिसऱ्यांदा डोंबिवली ते दादर लोकलमध्ये, काहीही हातात न घेता. एक सूचना: ॲपवर एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. मी पहिले दोन दिवस शिव्या कापलेली आवृत्ती ऐकत होते, मधेमधे आवाज का जातो ते कळत नव्हतं. नंतरच्या वर्षांत जोडलेली जादा गाणीही शेवटी असतात. मूळ अल्बम कुठे संपतो ते आधी बघून घ्या आणि तिथेच थांबा.

'रेझिंग हेल'चं परीक्षण सप्टेंबरमध्ये लिहून भाच्याला वाचायला दिलं. तो दोन मिनिटं गप्प राहिला, मग म्हणाला, "मावशी, हे तू लिहिल्यासारखं वाटत नाही गं." खरं होतं. 'ऊर्जेने भारलेला', 'मैलाचा दगड', असे सगळे उसने शब्द होते. शिवाय रॅप म्हणजे आपला कलगी-तुराच, असा एक परिच्छेदही मी घातला होता. तो काढला. वाचकाला लगेच जवळचं वाटावं म्हणून असं साम्य जोडलं की त्या माणसांचं स्वतःचं काय ते दिसेनासं होतं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही अल्बमबद्दल चालेल, ते खोडायचं.

ऑक्टोबरमध्ये एरिक बी. आणि रकीम यांचा 'पेड इन फुल' लागला, 1987 चा. इथे मी अडकले आणि इथेच मला रस्ता सापडला.

शीर्षकगीताच्या सुरुवातीला माणसाकडे पैसे नाहीत. तो खिशात हात घालतो, काही नाही. आणखी खोल घालतो, तर हाताला येतं 'लिंट'. शब्दकोशात मिळालेले अर्थ खिशाला लागू पडेनात. वाक्य पुढे सरकेना. मग उठून भाच्याची धुवायला टाकलेली जीन घेतली आणि खिसा बाहेर ओढला. तळाच्या शिवणीत करड्या रंगाचा सुताचा गोळा होता, त्यात बसच्या तिकिटाचा लगदा आणि थोडी वाळू. बोटांनी चोळला की सुटतो, पण पूर्ण निघत नाही. वहीत लिहिलं: 'खिशात पैसे नाहीत, शिवणीतला सुताचा गोळा आहे.' ते लिहिल्यावर मला तो माणूस दिसला. तोवर मी ते गाणं वीसेक वेळा ऐकलं होतं, आणि इंग्रजी कळतं म्हणून गाणंही कळलं असं समजत होते. मराठीत लिहायला घेतल्याशिवाय काय ऐकू आलेलं नाही ते समजत नाही, हे त्या दिवशी कळलं. पुढचं सगळं काम याच चाळणीतून केलं.

रकीमचं दुसरं वैशिष्ट्य तालाचं. लहानपणी चार वर्षं पेटी शिकले, त्यामुळे पेरांवर मात्रा मोजायची सवय आहे. रॅपमध्ये एका 'बार'ला चार मात्रा आणि एक कडवं बहुधा सोळा बारचं. म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. लोकलमध्ये उभ्याने पेरं मोजत ऐकलं. रन-डीएमसीच्या ओळी बारच्या शेवटी नेमक्या येऊन आदळतात, यमक तिथेच. रकीम तिथे थांबत नाही. वाक्य सम ओलांडून पुढच्या बारमध्ये नेतो, यमक ओळीच्या पोटात दोन-तीनदा ठेवतो आणि आवाज मात्र चढवत नाही. तो सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकाचा भक्त होता, हे नंतर वाचलं. 'फ्लो'ला, म्हणजे शब्द तालावर चालवायच्या या ढंगाला, मराठी शब्द मी शेवटपर्यंत शोधला नाही. त्या जागी काय घडतं, ते प्रत्येक वेळी वेगळं लिहिलं.

(या अल्बमच्या शीर्षकगीताची ओफ्रा हाझा या गायिकेच्या सुरांची जी आवृत्ती बहुतेकांनी ऐकलेली असते, ती कोल्डकट या निर्मात्यांनी नंतर केलेली आहे. मूळ अल्बममध्ये ती नाही.)

रकीमने पुढे काय केलं ते शोधताना 2002 चं ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' सापडलं, त्यात तो पाहुणा आहे. दिवाळीच्या आधीचा रविवार होता, स्पीकरवर लावलं. आई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "अगं, हा तर लताबाईंचा आवाज." खरंच होता. 1981 च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं, आणि त्यावर डीजे क्विकने बांधलेली बीट. आईने गाणं पूर्ण ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "विचारून घेतलं का त्यांनी?" विचारलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री करायची नाही, असा आदेश 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला.

आईचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक अल्बमला विचारला.

पब्लिक एनिमीच्या 1988 च्या अल्बममध्ये त्याचं उत्तर मिळवता मिळवता दमले. बॉम्ब स्क्वॉड या त्यांच्या निर्मात्यांनी दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे, म्हणजे 'सॅम्पल', एकावर एक इतके रचलेत की मोजता येत नाहीत. एका गाण्यात सतत किंचाळणारा आवाज आहे, जेम्स ब्राउनच्या वादकांच्या रेकॉर्डमधला सॅक्सोफोन. आईने आतून येऊन कुकर बघितला. मग डिसेंबरमध्ये डे ला सोल यांचा 1989 चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'. हा अल्बम मी वर्षभर आधी ठरवला असता तर ॲपवर मिळालाच नसता. जुन्या करारांत डिजिटल हक्कांची सोय नव्हती आणि सॅम्पलच्या परवानग्यांचा गुंता होता, त्यामुळे त्यांचे पहिले सहा अल्बम 3 मार्च 2023 ला प्रथमच ॲपवर आले. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे, 12 फेब्रुवारीला वारला. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं भांडले तो दिवस त्याला दिसला नाही. या अल्बममध्ये फ्रेंच शिकवणीच्या रेकॉर्डखाली द टर्टल्सच्या गाण्याचा तुकडा आहे, त्यावरूनच त्यांच्यावर दावा झाला आणि तो बाहेर मिटला. 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात तर न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नये' या बायबलच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी घ्यायची, पैसे मोजायचे, हीच रीत झाली. शंभर तुकड्यांचा अल्बम करणं कुणालाच परवडेना. ज्यांचं गाणं उचललं त्यांना पैसे मिळायलाच हवेत, हे मला पूर्ण मान्य आहे. तरी 'थ्री फीट' ऐकताना, असं काही पुन्हा होणार नाही याचं वाईट वाटत राहतं.

याच सुमारास माझा स्वतःचा परवानगीचा प्रश्न आला: परीक्षणात गाण्याचे शब्द किती घ्यायचे? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. पण किती ओळी, असा आकडा त्यात नाही. मी एका परीक्षणात जास्तीत जास्त एक ओळ घ्यायची ठरवली, बाकी आशय माझ्या मराठीत. मुखपृष्ठाचं चित्रही उतरवून घेतलं नाही.

आता रेकॉर्डची गोष्ट. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी', 1991. नावातच खर्ज आहे. एका गाण्यात जॅझमधले थोर वादक रॉन कार्टर स्वतः डबल बेस वाजवतात. फोनवर तो खर्ज मला अर्धाच ऐकू येत होता. मग एकदाच खर्च करायचं ठरवलं. 3 जानेवारी 2024 ला जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून जुनी रेकॉर्ड मागवली. 28 युरो, टपाल 19 युरो, मिळून साधारण 4,260 रुपये. जुन्या रेकॉर्डची प्रत ठरवायची अक्षरं असतात. 'व्हीजी प्लस'च्या खाली जाऊ नका, आणि वेष्टन व तबकडी यांची प्रत वेगवेगळी लिहिलेली असते, ती नीट वाचा.

तीन आठवड्यांनी पार्सल मुंबईत आलं आणि तिथेच कस्टम्समध्ये थांबलं. ऑनलाइन रोज तेच वाक्य. 6 फेब्रुवारीला निरोप आला: आधारची प्रत, बिल आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचं निवेदन द्या. 14 तारखेला अर्धी रजा टाकून गेले. पावणेदोन तास रांगेत उभी होते. खिडकीवर कळलं, विक्रेत्याच्या बिलावर टपाल आणि वस्तू यांची किंमत वेगळी हवी, आणि पैसे भरल्याचा बँकेचा पुरावाही. माझ्याकडे फोनमध्ये होतं, छापील नव्हतं. परत आले. रडू येईल इतकी चिडले होते, एका तबकडीसाठी कशाला हे सगळं, असंही वाटलं. मधे शिवजयंतीची सुट्टी. 22 तारखेला सगळे कागद दोन-दोन प्रतींत घेऊन गेले, चाळीस मिनिटांत काम झालं. ड्युटी आणि इतर आकार धरून 1,740 रुपये भरले. मागवायच्या आधी हा खर्च धरूनच हिशोब करा. बिल विक्रेत्याकडून आधीच तपशीलवार मागून घ्या आणि छापून ठेवा.

घरी प्लेअर नव्हता. आमच्या मजल्यावरच्या काकांचा होता, माळ्यावर बारा-तेरा वर्षं पडलेला. त्याचा पट्टा सैल झाला होता, सुई गेली होती. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळून 1,900 ला काम झालं. 9 मार्चला संध्याकाळी काकांच्याच घरी पहिल्यांदा लावली. त्यांच्याकडे वसंतराव, अभिषेकीबुवांच्या रेकॉर्ड, त्यांच्याशेजारी ही. पहिल्याच गाण्यात ट्राइबमधला क्यू-टिप सांगतो की वडिलांना हिप-हॉप ऐकून त्यांच्या तरुणपणचं बीबॉप, म्हणजे त्या काळचं जॅझ, आठवायचं. मी काकांना तेवढ्याचा अर्थ सांगितला. रॉन कार्टर सुरू झाल्यावर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. गाणं संपल्यावर म्हणाले, "हा माणूस घाई करत नाही." परीक्षणाची सुरुवात मी त्याच वाक्याने केली, त्यांना विचारून.

एप्रिलमध्ये डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' आला आणि माझं लिहिणं पाच आठवडे थांबलं. 1992 च्या वसंतात रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. अल्बम त्याच डिसेंबरचा, आणि ती आग त्यात ऐकू येते. वाद्यमेळ इतका रेखीव की कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि बायकांबद्दल जे बोललंय ते माझ्या तोंडून मराठीत लिहवेना. शिवाय जानेवारी 1991 मध्ये ड्रेने डी बार्न्स या पत्रकार बाईंना मारहाण केली होती. कोर्टात त्याने आरोप नाकारला नाही. मी दोन मसुदे केले, एक फक्त संगीतावर, एक फक्त संतापावर. दोन्ही खोटे वाटले. शेवटी एकाच लेखात दोन्ही लिहिलं, तोल साधायचा प्रयत्न न करता: इथे मला आवडलं, इथे मी बंद केलं. कुणाला हा अल्बम ऐकायचाच नसेल तर मी आग्रह करणार नाही.

तेव्हाच यादीकडे परत बघितलं. बारांत बाई एकच, लॉरिन हिल. यादी मीच केली होती. खाली तेरावं नाव लिहिलं: क्वीन लतीफा, 'ऑल हेल द क्वीन', 1989. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. क्रम मोडून तोच मे महिन्यात ऐकला आणि पुन्हा लिहिती झाले.

वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम जूनमध्ये झपाट्याने झाला. नऊ जणांचे आवाज ओळखायला यावेत म्हणून वहीत नऊ रकाने आखले होते, हा उपाय कुणालाही उपयोगी पडेल.

मग नॅझ. 'इलमॅटिक', 19 एप्रिल 1994, वय वीस, दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं. डोंबिवलीला चढल्यावर सुरू केला की दादर यायच्या सुमारास संपतो. याचं परीक्षण मी चार वेळा लिहिलं. पहिल्यात निव्वळ कौतुक. दुसऱ्यात माहिती: क्वीन्सब्रिजच्या वसाहती, वडील ओलू डारा यांचा कॉर्नेट, प्रीमिअर आणि पीट रॉक या निर्मात्यांच्या बीट. तिसऱ्यात ओळीओळीचा अर्थ. तिथे 'प्रेसिडेंट' म्हणजे नोटा हे कळायला वेळ लागला. आपण नोटेला 'गांधीजी' म्हणतो, अगदी तसंच. पण नॅझ त्याच शब्दात असंही म्हणून जातो की माझं प्रतिनिधित्व करणारे प्रेसिडेंट एवढेच, नोटेवरचे. हे मराठीत आणायला तीन दिवस गेले.

चौथा मसुदा जुलैअखेरीस, धो धो पावसात गाडीत सुचला. कोपरच्या पुढे गाडी थांबली होती. मी अल्बम पहिल्यापासून लावला. कानात गाडीचा खडखडाट सुरू झाला आणि मला वाटलं, चला, सुटली. बायकांच्या डब्यात कुणीच हललेलं नव्हतं. खिडकीबाहेरचा खांब जागच्या जागी. तो आवाज न्यूयॉर्कच्या गाडीचा होता, अल्बमची सुरुवातच त्याने होते. मी तो आवाज दहा-बारा वेळा ऐकला होता आणि 'प्रस्तावना' म्हणून सोडून दिला होता. हा मुलगा शब्द उच्चारायच्या आधी आपल्याला त्याच्या खिडकीशी उभं करतो. लेख तिथून लिहिला आणि 30 ऑगस्टला पूर्ण झाला. 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने तेव्हा या अल्बमला पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण, दिले होते. ते परीक्षण मी माझं संपल्यावरच वाचलं. दुसऱ्यांचं आधी वाचू नका, आपले कान त्यांच्या शब्दांनी भरतात.

तो लेख एका मासिकाकडे पाठवला होता. तीन महिने उत्तर नाही, मग मी वाट बघणं सोडलं.

बिगी आणि आउटकास्ट सप्टेंबरमध्ये. आउटकास्टचा 'अक्वेमिनी' मला सगळ्यांत जास्त आवडला, पण त्याच्यावरचं परीक्षण सगळ्यांत कच्चं आहे, पुन्हा लिहिणार आहे. लॉरिन हिलचा अल्बम ऑक्टोबरमध्ये, आईबरोबर ऐकला. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा हा पहिला हिप-हॉप अल्बम. मधेमधे वर्गातली मुलं प्रेमावर बोलतात, त्यांचे शिक्षक झालेत रास बराका, जे पुढे न्यूअर्कचे महापौर झाले. आईला मी प्रत्येक प्रश्नाचं मराठी करून सांगत होते. ती मुलांच्या आधी उत्तरं देत होती.

शेवटचा 'डोनट्स'. त्यात रॅप नाहीच, एकतीस लहान तुकडे. जे डिला आजारी होता, हॉस्पिटलच्या खाटेवर या अल्बमवर काम करायचा. 7 फेब्रुवारी 2006 ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, अल्बम आला आणि तीन दिवसांनी तो गेला. शब्द नसलेल्या अल्बमचं मराठी काय करायचं? मी प्रत्येक तुकड्याला एक ओळ लिहिली, काहींना जमलीच नाही, त्या जागा कोऱ्या सोडल्या. शेवटच्या ट्रॅकचं टोक पहिल्याला जुळतं, आणि पहिल्याचं नाव 'आउट्रो', म्हणजे समारोप, आहे. ॲपवर पुनरावृत्तीचं बटण चालू ठेवून ऐका, नाहीतर हे कळत नाही.

24 नोव्हेंबर 2024, रविवारी परीक्षण संपलं. वहीची सात पानं उरली. सगळा खर्च तेरा हजारांच्या थोडा वर गेला. त्यातला जवळजवळ आठ हजार एका रेकॉर्डपायी, आणि ती न घेताही हे सगळं करता येईल.

संध्याकाळी काकांकडे प्लेअरची नवी सुई आणि पट्टा यांची पावती द्यायला गेले, आणि माझी रेकॉर्ड आणायला. त्यांनी ती अभिषेकीबुवांच्या पुढे उभी करून ठेवली होती. "राहू दे इथेच," म्हणाले. "तुझ्याकडे लावायला काही आहे का? बस, चहा टाकतो. ती बाजू लाव, ज्या बाजूला तो घाई न करणारा आहे."